मागचं उजवं चाक

९ ऑक्टोबर १९३६, शुक्रवार

या वयात दैनंदिनी लिहायला घेतली हे कुणाला कळलं तर हसतील. हसोत. सर्व्हे खात्यात जन्म गेला, संध्याकाळी काहीतरी लिहून ठेवल्याशिवाय जेवण पचत नाही. पेन्शन लागल्यापासून लिहायला काही नव्हतं. आता आहे. शिवाय बोलायला कोण आहे? घरात दोघंच, मी आणि माझी सून पंकजा. सासरा सुनेशी बोलून बोलून किती बोलणार? "कापी झाली, मामंजी." "ठेव तिथे." झालं बोलणं.

तर मुद्दा असा. सोमवारी तिला तंजावरला पोचवायचं आहे, बायकांच्या ट्रेनिंग शाळेत. दोन वर्षं तिथेच राहायचं, मग मास्तरीण. लक्ष्मीनारायणाची ही शेवटची इच्छा. विषमज्वरात काहीबाही बरळत होता, पण हे मात्र शुद्धीवर येऊन बोलला, "अप्पा, तिला कोपऱ्यात बसवू नका. शिकवा." एकुलता एक मुलगा. त्याला हो म्हटलं ते म्हटलं. तिच्या माहेरी आता कुणी उरलेलं नाही, म्हणजे जे करायचं ते मलाच करायचं. अट मी एकच घातली. माझी सून आगगाडीच्या गर्दीत दहा जणांच्या नजरा झेलत जायची नाही. लक्ष्मीनारायणाच्या मोटारीतून जाईल, मी स्वतः चालवीन, आणि मोटार ठाकठीक असेल तेव्हाच निघेन.

मोटार ठाकठीक आहे, एक चाक सोडून. शेडच्या भिंतीवर लक्ष्मीनारायणाने खडूने लिहिलंय: पुढे अठ्ठावीस पौंड, मागे तीस. ते मी कुणाला पुसू दिलेलं नाही. आज हवा मोजायचं गेज लावून पाहिलं. पुढची दोन्ही बरोबर, मागचं डावं बरोबर, मागचं उजवं चौतीस! असं फुगलेलं चाक दगडावर आपटलं की फुटलंच म्हणून समजा. व्हॉल्व्हची पिन दाबून हवा सोडली आणि तीसवर आणलं. तीन वाजलेले, त्या बाजूचं झाप वादळात उडालंय, ऊन थेट आत. घामाने निथळलो. पण दुसरी वेळ कुठली? सकाळी आंघोळ झाली की मी मडीत. पूजा, नैवेद्य, जेवण होईपर्यंत रबराला हात नाही, आणि त्या पंपात तर चामड्याचा वायसर आहे. जन्मभर पाळलेलं सोवळं एका पंपासाठी मोडू की काय?

१२ ऑक्टोबर, सोमवार

गेलो नाही.

पूजा आटोपून बाहेर आलो तर पंकजा तयार होऊन उभी. धुवट लुगडं, शेजारी दोरीने बांधलेली ट्रंक. शेडमध्ये डोकावलो आणि दुरूनच दिसलं, मागचं उजवं चाक बसलंय. हात लावला नाही, पण आयुष्यभर नजरेने जमिनीचा उतार ओळखला, चाकाचा ओळखणार नाही? वाटेत पापनाशमपर्यंत एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला भाताचा चिखल. तिथे टायर बसलं म्हणजे बाईमाणसाला घेऊन मी काय करू? "आज नाही," म्हणालो.

तिने ट्रंकेची दोरी सोडली, गुंडाळून खुंटीला अडकवली आणि चूल पेटवायला गेली.

जेवणानंतर, तीन वाजता, गेज लावलं. बरोब्बर तीस. कपाळ माझं! सकाळी बसलेलं चाक दुपारी उभं कसं राहिलं? शाळेच्या मोठ्या बाईंना तार केली की मोटारीत बिघाड आहे, थोडी मुदत द्यावी.

संध्याकाळी पंकजाने डांगरपचडी केली होती. मला आवडते म्हणून केली, की उडदाचं पीठ संपवायचं होतं म्हणून, कोण जाणे. दोनदा वाढून घेतली. आज ती इथे नसती तर ताकभात खाल्ला असता.

१४ ऑक्टोबर, बुधवार

पंक्चरवाल्या सेतूला बोलावलं. त्याने ट्यूब काढली, घमेल्यात पाण्याखाली धरून इंचाइंचाने फिरवली. एक बुडबुडा निघेल तर शपथ. व्हॉल्व्हवर थुंकी लावून पाहिली, तीही फुगली नाही.

"सामी, ट्यूब नव्यासारखी आहे. गाडी उभी ठेवू नका, चालवा."

चालवा म्हणे! याला काय जातंय सांगायला. मी म्हटलं, नीट बघ, सकाळी चाक बसतं. तो म्हणाला, सकाळी किती पौंड असतं? म्हटलं, सकाळी मी मोजत नाही, मडीत असतो. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला रागच आला. पैसे दिले आणि वाटेला लावला. जाण्याआधी, दिवस कलल्यावर, त्याच्याकडून तीस पौंड भरून घेतले. माझ्या डोळ्यांदेखत.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

चौतीस!! काल तीस भरले, आज चौतीस. हवा गळणारं टायर ऐकलं होतं, हवा पिणारं टायर आमच्याच घरी जन्माला आलं. शेजारच्या सुंदरेश वकिलाला या मोटारीचा भारी मत्सर आहे हे मला ठाऊक आहे. पण मत्सराने कुणी दुसऱ्याच्या चाकात हवा भरतं का? काढून नेईल एक वेळ.

चार पौंड सोडले. पंकजा ताक घेऊन आली. भांडं हातात देताना म्हणाली, "या भिंतीला हात लावून पाहा मामंजी, नुसती पोळतेय. ऊन बरोबर या चाकावरच येतं."

"झाप बसवून घ्यायला हवं," मी म्हटलं.

ती रिकामं भांडं घेऊन गेली. बायकांना घराच्या डागडुजीचंच सुचतं. इथे माझा जीव चाकात अडकलाय.

१९ ऑक्टोबर, सोमवार

सकाळपासून आभाळ भरून आलेलं, ऊन नावाला नाही. तीन वाजता मागचं उजवं सव्वीस. आता काय म्हणायचं? गुरुवारचे चौतीस, आजचे सव्वीस, हे चाक आहे की सुंदरेश वकिलाची लहरी बायको?

पंप मारायला बसलो. चार झटक्यांत दम लागला. पंकजा आपण होऊन पुढे आली, पदर खोचून गेज धरून बसली. मी पंप मारायचा, तिने आकडा वाचायचा. "ट्वेंटी-सेव्हन." इंग्रजीत! लक्ष्मीनारायणाने शिकवलेलं. तो इथेच बसून तिला आकडे शिकवायचा म्हणाली, आणि चुकलं की तिच्या कपाळाला ग्रीसचं बोट लावायचा. मला हे काही ठाऊक नव्हतं. मी तेव्हा आत पंचांग बघत असेन.

मग मीही सांगितलं, पहिल्यांदा मोटार घेऊन आला तेव्हा याने इथल्या महामहमच्या तळ्याच्या कोपऱ्यावर एका कडब्याच्या गाडीत घातली होती, आणि घरी येऊन मला सांगितलं की बैलानेच धडक दिली. ती हसली. लक्ष्मीनारायण गेल्यापासून या घरात कुणी हसल्याचं आठवत नाही.

तीस भरून झाले तरी आम्ही बराच वेळ तिथेच बसलो होतो. मी विचारलं, "तुला शाळेत जायचंच आहे ना?"

"हो, मामंजी."

लगेच म्हणाली. मला वाटलं होतं, जराशी थांबेल.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

आयुधपूजा. मोटार धुतली, झेंडूची माळ घातली, चारही चाकांना गंध लावलं. पंप आणि गेज पाटावर मांडलं. पंकजा आतच राहिली. गल्लीतल्या बायका शेजारी हळदीकुंकवाला जात होत्या, आमच्या दारावरून जाताना त्यांचं बोलणं बारीक व्हायचं. पुंडीचे लाडू मी एकट्याने खाल्ले. आज हत्यारांना हात लावायचा नाही, म्हणून दुपारी तीननंतर काय करावं ते कळेना. दारापुढच्या तिण्णैवर, ओट्यावर, बसून येणारीजाणारी माणसं पाहिली. कुणी थांबलं नाही.

२८ ऑक्टोबर, बुधवार

दोन गोष्टी झाल्या, आणि दोन्हींनी डोकं उठवलं.

एक, मोठ्या बाईंचं पत्र. दिवाळीच्या सुट्टीनंतर सोळा नोव्हेंबरला सोमवारी शाळा सुरू होताना पंकजा हजर झाली तर ठीक, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाईल.

दुसरी, अक्का आली. माझी मोठी बहीण वेंकटलक्ष्मी, तिरुविसनल्लूरला असते. पाय धुण्याआधीच सुरू. "तुझं टायर बसलं ते बरं झालं. देवालाच तिचं जाणं नको आहे." मग मूळ गोष्टीवर आली. कार्तिकी एकादशीला मठात स्वामी येताहेत. पंकजाचे केस एकदाचे उतरवून टाक. दीड वर्ष झालं, लोक नावं ठेवतात. केस उतरले की तिच्या हातचा नैवेद्य देवाला चालेल, तुला रोज म्हातारपणी चुलीपाशी बसायला नको. "आणि मीही इथेच येऊन राहते. तुझ्याशी चार शब्द बोलायला माणूस होईल. तू वाळून चालला आहेस, त्रिविक्रमा."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला.

मी म्हटलं, "पाहू."

पाहू! जिभेला काय झालं होतं माझ्या? नाही म्हणायला दोनच अक्षरं लागतात. पण अक्का खरंच बोलली. चार शब्द बोलायला माणूस. तेवढ्यात अक्का उठली, घोड्याचा जुटका बोलावून गेलीसुद्धा.

अक्का गेल्यावर पंकजा कापी घेऊन आली. डोळे कोरडे होते. "टायर सोळा तारखेपर्यंत नीट होईल ना, मामंजी?" एवढंच विचारलं.

"होईल," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

३ नोव्हेंबर, मंगळवार

पाऊस सुरूच. शेडसमोर पाणी तुंबलंय. गंमत अशी की हे असं आभाळ असताना चाक शहाण्यासारखं वागतंय. एकदा तीस भरले ते तीसच. रोज तीन वाजता पाहतो, तीस. म्हणजे आता निघायला हरकत नाही. मला आनंद व्हायला हवा. झाला नाही, असं लिहिलं तर उगाच काहीतरी अर्थ निघेल. पावसात रस्ता वाईट असतो, त्याची काळजी वाटते, एवढंच.

पंकजाने विचारलं, "सर्व्हेमध्ये तुम्ही नक्की काय करायचात, मामंजी?" इतक्या वर्षांत घरात कुणी विचारलं नव्हतं. सांगत बसलो. इन्नंबूरची भातशेतं मोजली तेव्हाची गोष्ट. साखळी लोखंडी असते, उन्हात तापली की लांबते, मग शेत कागदावर लहान होतं आणि शेतकरी डोकं फोडायला येतो. म्हणून मी माझ्या माणसांना उजाडता उजाडता उभं करायचो. दुपारचं माप आणलं तर फेकून द्यायचो. एकदा एकाला त्यापायी घरी पाठवलं होतं.

ती लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "तापल्यावर सगळंच वाढत असेल. हवासुद्धा."

"हवा म्हणजे काय लोखंड आहे?" मी हसलो. ती हसली नाही. तिने तांदूळ निवडायला घेतले.

१० नोव्हेंबर, मंगळवार

ऊन पडलं. कडकडीत. तीन वाजता मागचं उजवं चौतीस.

टोपण काढलं, पिनवर खिळा ठेवला. पंकजा दारात उभी होती.

"सोडू नका, मामंजी."

"का?"

"राहू दे तेवढं. आजच्या दिवस."

"चौतीसवर कुणी गाडी चालवतं का? फुटेल."

मी हवा सोडली. फुसफुस आवाज होत होता आणि ती ऐकत उभी होती. तीस झाल्यावर मी वर पाहिलं तर दारात कुणी नव्हतं. आज पहिल्यांदाच तिने ताक आणलं नाही.

माझ्या मनाला का लागलं, कळत नाही. मी काय वाईट केलं? भिंतीवर जो आकडा लिहिला आहे, तोच ठेवला.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

नरकचतुर्दशी. आज सगळं लिहितो, कितीही वेळ लागो.

लक्ष्मीनारायण गेल्यापासून आमच्याकडे दिवाळी नाही, पण तेलाचं स्नान चुकवायचं नसतं. उजाडायच्या आधी उठलो. गल्लीत पोरांचे फटाके चालू. तेलाची वाटी घेऊन परसात निघालो तर पंकजा आडवी आली. हातात गेज.

"मामंजी, तेल लावण्याआधी शेडमध्ये या. अजून आंघोळ झालेली नाही, मडी नाही. हात लावायला काही हरकत नाही."

खरंच की! आंघोळीनंतर मडी. आंघोळीआधी मी साधा माणूस. इतक्या दिवसांत मला हे सुचलं नाही म्हणजे कमाल. गेलो तिच्या मागून. चाकाला हात लावला, माठासारखं गार. गेज लावलं. सव्वीस.

"मागचं डावं पाहा." तीस. पुढची दोन्ही अठ्ठावीस.

"आता दुपारपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. सासऱ्याला हुकूम! आणि मी "बरं" म्हटलं.

दिवसभर पूजेत लक्ष लागलं नाही. जेवण झाल्याबरोबर शेडमध्ये खुर्ची टाकून बसलो. ऊन त्या उडालेल्या झापातून आधी मडगार्डवर आलं, मग टायरवर, मग सगळं चाक उन्हात. हात ठेवला तर चटका बसला. तीन वाजता मोजलं. तीस.

कुणी हवा भरली नव्हती. कुणी काढली नव्हती. ऊन होतं, बस. म्हणजे जी हवा मी दर वेळी जास्तीची म्हणून सोडत होतो ती चाकाचीच होती, आणि चाक सकाळी बसायचं ते माझ्या हातचं.

मला हे माहीत नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. तापलेल्या साखळीसाठी माणसाची नोकरी घेणारा मी. माझ्याइतकं हे कुणाला माहीत असणार? सेतूने विचारलं तेव्हा राग आला होता तो कशाचा होता, ते आज कळतंय. मला चाक नीट व्हायला नको होतं. ती गेल्यावर या घरात मी काय करू, हे मला कळत नव्हतं. अजूनही कळत नाही.

पंकजाला विचारलं, "तुला केव्हापासून ठाऊक?"

"भिंतीला हात लावून पाहा म्हटलं होतं ना, तेव्हापासून."

"मग सरळ सांगायचं नाहीस?"

ती खाली बघत होती, पण आवाज स्पष्ट होता. "सरळ सांगितलं असतं तर तुम्ही दुसरं काहीतरी काढलं असतं, मामंजी. ब्रेक, नाहीतर इंजिन, नाहीतर रस्ता. चाकाचं निदान मला समजत होतं. हे धरून बसलात ते बरं होतं."

मी गेज पुसत बसलो. मग तिनेच म्हटलं, "तुम्हाला एकट्याला टाकून जायचं माझ्याही जिवावर येतं. पण मला जायचं आहे. परवा अक्का राहायला येताहेत, तसं पत्र आलंय. त्यांनी अडवायच्या आधी मला निघायला हवं, नाहीतर मी कधीच निघणार नाही."

सून सासऱ्यापुढे रडत नाही. ती आत गेली. मी मात्र खुर्चीवरच बसून राहिलो.

१५ नोव्हेंबर, रविवार

अक्का आली, दोन बोचकी आणि पितळी डबा घेऊन. राहायच्याच तयारीने.

तिला बसवलं, पाणी दिलं आणि म्हटलं, "अक्का, पंकजा उदईक तंजावरला जाते आहे."

"टायर?"

"टायरला काही झालेलं नाही. मला झालं होतं. सुट्ट्यांना ती इथेच येईल, हे तिचं घर आहे. येईल ती केसांसकट येईल, आणि या घरात त्यावर कुणी तोंड उघडायचं नाही. तुला तसं राहता येत असेल तर राहा."

"आणि नसेल तर?"

"तर नको राहूस."

अक्काचा चेहरा बघवत नव्हता. "तू आजारी पडलास तर पाण्याचा घोट कोण देईल रे?" म्हणाली. मी म्हटलं, कुणी नाही दिला तर नाही. ती जेवायलाही थांबली नाही. बोचकी मीच जुटक्यात ठेवली. हिने मला लहानपणी कडेवर घेऊन कुंभेश्वराच्या देवळाचा हत्ती दाखवला होता. तिची बाजू वाईट होती, तिचं माझ्यावरचं प्रेम वाईट नव्हतं. आता ती काही परत यायची नाही.

१६ नोव्हेंबर, सोमवार

उजाडताना, आंघोळीआधी, चारही चाकं मोजली. मागच्या उजव्यात हवा भरली. तीस, गार असताना. मग आंघोळ केली, देवाला हात जोडले आणि सांगितलं, पूजा आज संध्याकाळी. जन्मात पहिल्यांदा. देव काही बोलला नाही, पंकजा मात्र चकित होऊन पाहत राहिली.

ट्रंक मागे बांधली. ती मागच्या सीटवर, पदर डोक्यावरून घेऊन. मी बैलगाडीच्या चालीने चालवत होतो. पापनाशमला इंजिनात पाणी घालायला थांबलो तर ती खाली उतरली, टायरला हात लावून म्हणाली, "गरम झालंय. सोडू नका हं." मला हसू आलं. दोघंही हसलो, रस्त्यात, लोकांदेखत.

शाळा सुरू व्हायच्या वेळेला पोचलो. फाटकाशी एक मुलगी ट्रंक उचलायला आली. पंकजाने वाकून नमस्कार केला. मला खूप बोलायचं होतं. लक्ष्मीनारायण असता तर किती खूश झाला असता, आणि तू नसलीस की त्या घरात मला करमणार नाही, असं. तोंडातून निघालं, "जेवत जा वेळेवर."

"तुम्हीही. आणि भाताबरोबर काहीतरी करून घेत जा, मामंजी. नुसतं ताक नको."

फाटक लागल्यावर मी मोटारीत बसून होतो. दरवान येऊन म्हणाला, गाडी पुढे घ्या. परत येताना रस्ता कसा गेला, आठवत नाही. घरी आल्यावर सवयीने म्हटलं, "आलो गं." आणि मग पूजेला बसलो.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

पहाटे मोजलं. चारही बरोबर. काल बरोबर, परवा बरोबर. आता नाताळची सुट्टी लागेपर्यंत मोटार कुठे न्यायची नाही.

दिवस जाता जात नाही. वांग्याची भाजी केली, करपली. सुंदरेश वकील तिण्णैसमोरून जाताना थांबला आणि "सून पोचली का नीट?" म्हणून विचारलं. पोचली म्हटलं. आणखी काही बोलावं असं वाटत होतं, पण तो कोर्टाच्या घाईत होता.

तीन वाजता पाय आपोआप शेडकडे वळले. ऊन तसंच होतं, झाप अजून बसवलेलं नाही. गेज लावलं. चौतीस. पिनवर खिळा ठेवला. चार पौंड सोडले असते तर उद्या पहाटे चाक बसलेलं सापडलं असतं, पंप काढावा लागला असता, तासभर काम झालं असतं. हात तसाच थोडा वेळ राहिला.

टोपण परत लावलं. मग तिथेच जमिनीवर बसलो, चाकाला पाठ टेकली, आणि लक्ष्मीनारायण गेला तेव्हा रडलो नव्हतो तो आज रडलो, हमसून, कुणी ऐकलं तर ऐको असा. त्याच्यासाठी रडलो, पंकजासाठी, अक्कासाठी, आणि लाज कसली, माझ्या स्वतःसाठीही. बऱ्याच वेळाने शांत झालो, पण उठलो नाही. टायर चांगलं तापलं होतं. पाठीला बरं वाटत होतं.